लॅटिन धातू, इंग्रजी शब्द आणि आपले उपसर्ग: प्रकल्प नोंदी

४ जून

काम सुरू केलं. इंग्रजीतल्या लॅटिन मुळांवर मराठीतून एक वही करायची, मराठी माध्यमातून शिकलेल्या कुणालाही वापरता येईल अशी, आधी स्प्रेडशीटमध्ये आणि मग छापता येतील अशा कार्डांवर. अशा याद्या नेटवर ढिगानं आहेत, बऱ्याच चाळल्या, पण सगळ्यांची पद्धत एकच, की मूळ द्यायचं, अर्थ द्यायचा, खाली चार-पाच शब्द टाकायचे, झालं. पोर्ट म्हणजे वाहून नेणे. ठीक आहे, ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे वाहून नेणं हे कळतं, इम्पोर्ट एक्स्पोर्टही कळतं, पण मग सपोर्ट? रिपोर्ट? सपोर्ट म्हणजे खालून भार वाहणं, म्हणून आधार. रिपोर्ट म्हणजे परत घेऊन येणं, कुणीतरी जाऊन बघून आलं आणि खबर परत आणली, म्हणून अहवाल. हे मधलं चित्र सांगितलं नाही तर यादी फक्त पाठ करायला उरते आणि पाठ केलेलं परीक्षेनंतर जातं.

म्हणून कार्डाचा नमुना असा ठरवतेय: शब्द, शब्दात लपलेलं चित्र, आजचा अर्थ, आणि चित्रापासून अर्थापर्यंत शब्द कसा आला ते एका ओळीत. एकेका मुळाचं अख्खं कुटुंब एकत्र ठेवायचं, एबीसीडीप्रमाणे लावायचं नाही, कारण एबीसीडीत सपोर्ट एकीकडे आणि रिपोर्ट दुसरीकडे जातो.

७ जून

पहिलं कुटुंब स्पेक्ट. लॅटिन 'स्पेकेरे' म्हणजे बघणे. इन्स्पेक्ट म्हणजे आत बघणं, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे बघणं, रिस्पेक्ट म्हणजे मागे वळून बघणं, म्हणजे दखल घेणं, आणि ज्याची दखल घ्यावीशी वाटते त्याच्याबद्दल आदर. डिस्पाइज याच घरातला, वरून खाली बघणं, म्हणजे तुच्छ लेखणं. सर्कम म्हणजे सभोवती, म्हणून सर्कम्स्पेक्ट माणूस चहूकडे नजर ठेवणारा, सावध.

आणि ऑस्पिशस! यात 'आविस' म्हणजे पक्षी आणि पुढे तेच स्पेकेरे. रोममध्ये मोठं काम हाती घेण्याआधी पक्षी कसे उडतात, कुठल्या दिशेला जातात ते बघून कौल घ्यायचे आणि तो चांगला आला तर काम ऑस्पिशस. आज आपण त्याला शुभ म्हणतो, पण शब्दात पक्षी अजून आहे.

भाचीला कच्ची कार्डं दाखवली. सस्पेक्टवर अडली. म्हणाली, "मावशी, सब म्हणजे खाली ना, मग सस्पेक्ट म्हणजे खाली बघणं का?" म्हटलं, "खाली नाही गं, खालून. मान खाली घाल आणि डोळे तेवढे वर करून दादाकडे बघ." तिनं बघितलं, तिचा भाऊ लगेच "काय झालं, मी काही घेतलेलं नाही" म्हणाला आणि दोघंही हसायला लागले. त्यानंतर तिला सस्पेक्टचा अर्थ वेगळा सांगायची गरजच पडली नाही. कार्डावर हेच लिहायचं, 'मान खाली, डोळे वर'.

९ जून

कालपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय आणि मला वाटतं अख्ख्या वहीची दिशा यानंच ठरणार आहे. स्पेक्टचं कुटुंब आपल्याकडे जसंच्या तसं आहे. संस्कृत ईक्ष् म्हणजे बघणे, आणि निरीक्षण, परीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, अधीक्षक हे सगळे त्याच धातूचे! इन्स्पेक्शनला आपण निरीक्षण म्हणतो, म्हणजे दोन्हीकडे बघणंच. एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर नजर लावून बसणं, येतंय का ते बघणं, आणि आपली अपेक्षाही बघण्यातूनच आलीय, प्रतीक्षाही. उपेक्षा म्हणजे बघून न बघितल्यासारखं करणं, ती डिस्पाइजच्या शेजारी बसते. मराठी बोलणारा माणूस हे शब्द रोज वापरतो, पण त्या सगळ्यांत एकच डोळा आहे हे शाळेत सहसा कुणी सांगत नाही.

म्हणजे उपसर्ग लावला की धातू कुठच्या कुठे जातो हे आपल्याला शिकवायची गरज नाही, ते आपल्या भाषेत आधीच आहे. हृ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, जेवणापासून कत्तलीपर्यंत! हे ज्याला माहीत आहे त्याला डक्ट म्हणजे 'नेणे' या मुळापासून प्रोड्यूस, रिड्यूस, इंट्रोड्यूस, सिड्यूस कसे झाले याचं नवल वाटायचं कारण नाही. पुढे नेऊन समोर आणलं ते प्रोड्यूस, मागे नेलं ते रिड्यूस, आत नेलं ते इंट्रोड्यूस आणि बाजूला नेलं, वाटेवरून हटवलं, ते सिड्यूस.

कार्डावर पाचवा रकाना वाढवला: मराठी जोडी. जिथे खरी जोडी असेल तिथेच, ओढूनताणून नाही.

१३ जून

आज संधी. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो आणि स्पेलिंगसाठी याच्याइतकं उपयोगी काही नाही असं माझं ठाम मत आहे.

लॅटिनमधला 'अ‍ॅड' हा उपसर्ग, म्हणजे कडे, पुढच्या व्यंजनात विरघळतो. अ‍ॅड अधिक ट्रॅक्ट, होतं अ‍ॅट्रॅक्ट, दोन टी. अ‍ॅड अधिक सेप्ट, होतं अ‍ॅक्सेप्ट, दोन सी. अफेक्टमध्ये दोन एफ, अग्रेसिव्हमध्ये दोन जी, अनाउन्समध्ये दोन एन, अपिअरमध्ये दोन पी, अराइव्हमध्ये दोन आर, सगळीकडे तोच अ‍ॅड वेश बदलून बसलाय. सबचंही तेच, सपोर्टमध्ये दोन पी, सक्सीडमध्ये दोन सी, सफरमध्ये दोन एफ. कॉनचं तेच, पुढे एल आला तर कोल, आर आला तर कोर, एम आला तर कोम.

आता ज्या शब्दाचं स्पेलिंग लोक हमखास चुकतात तो अ‍ॅकोमोडेट घ्या. अ‍ॅड अधिक कॉन अधिक मोड. अ‍ॅडचा डी पुढच्या सीमध्ये गेला म्हणून दोन सी, कॉनचा एन पुढच्या एममध्ये गेला म्हणून दोन एम. पाठ करायचं काही उरतच नाही.

आणि आपल्याकडे हेच उज्ज्वल. उत् अधिक ज्वल, त् चा ज् झाला म्हणून दोन ज, पण अर्ध्या महाराष्ट्राच्या आमंत्रणपत्रिकांवर, पाट्यांवर 'उज्वल' एकाच ज नं लिहिलेला असतो. सज्जन, उल्लेख, उच्चार, तल्लीन, सगळे याच जातीचे. परीक्षाची री दीर्घ का, तर परि अधिक ईक्षा. आणि गंमत म्हणजे एक्स्पेक्टमध्येही असंच, एक्स अधिक स्पेक्ट, पण एक्समध्ये स आधीच आहे म्हणून स्पेक्टचा एस लिहायचा सोडून दिला, त्यामुळे हा शब्द स्पेक्टच्या घरातला आहे हे पटकन ओळखूच येत नाही.

सफरवर अजून एक ओळ टाकली. सब अधिक 'फेर्रे', फेर्रे म्हणजे वाहणे. खाली राहून भार वाहणं म्हणजे सोसणं. आणि लॅटिन फेर्रे आणि संस्कृत भृ हे सख्खे नातेवाईक आहेत, आपला 'भार' त्याच भृ पासून.

१४ जून

कालच्या शेवटच्या ओळीमुळे एक सूचना वहीच्या सुरुवातीलाच टाकायचं ठरवलं. १७८६ मध्ये विल्यम जोन्सनं कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, या एका मूळ भाषेतून आलेल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेली नाही. म्हणजे लॅटिन संस्कृतमधून आलेली नाही, दोघी बहिणी आहेत. हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे कारण सप्त-सेप्टेम, दश-डेकेम, नाम-नोमेन, नव-नोवुस असं दिसलं की लगेच 'बघा सगळं आपल्याकडूनच गेलं' सुरू होतं. सत्य त्याहून जास्त रंजक आहे, ते जसं आहे तसं सांगितलं तरी पुरे.

२० जून

स्वरांचा त्रास. फॅक्ट, परफेक्ट, डेफिसिट, सॅटिस्फाय, डिफीट हे सगळे एकाच 'फाकेरे' म्हणजे करणे या धातूचे आहेत आणि नवशिक्याला त्यात काहीही सारखं दिसणार नाही. फॅक्ट म्हणजे झालेली, केलेली गोष्ट. परफेक्ट म्हणजे पूर्णपणे केलेलं. डिफीट म्हणजे केलेलं मोडणं. सॅटिस्फाय म्हणजे पुरेसं करणं.

कारण असं की लॅटिनच्या जुन्या काळात जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडायचा, उपसर्ग लागला की जोर उपसर्गावर जायचा आणि मधला स्वर दुबळा व्हायचा, 'आ'चा 'ए' किंवा 'इ'. म्हणून फॅक्ट पण परफेक्ट, कॅप्चर पण अ‍ॅक्सेप्ट आणि पार्टिसिपेट. फाय आणि फीट ही मात्र फ्रेंचमधून घासून आलेली रूपं.

या कुटुंबाला एकच रंग दिला, फॅक-फेक-फिक-फाय-फीट. बाकी समजावणं कमी ठेवलं.

२७ जून

तत्सम-तद्भव. अग्नी आणि आग, हस्त आणि हात, कर्ण आणि कान, क्षेत्र आणि शेत. एकच शब्द, एकदा ग्रंथातून सरळ उचललेला आणि एकदा लोकांच्या तोंडून शतकानुशतकं झिजत आलेला. इंग्रजीतही अगदी हेच झालं, फरक एवढाच की झीज फ्रेंचांच्या तोंडात झाली. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार, कोर्टकचेरी, वरच्या वर्गाचं बोलणं फ्रेंचमध्ये, ती फ्रेंच म्हणजे झिजलेली लॅटिन. नंतर विद्वानांनी पुस्तकांतून तीच लॅटिन पुन्हा सरळ आणली. म्हणून जोड्या.

फ्रॅजाइल आणि फ्रेल. सिक्युअर आणि शुअर. रीगल आणि रॉयल. लीगल आणि लॉयल. पोशन आणि पॉयझन. ट्रॅडिशन आणि ट्रीझन.

शेवटच्या दोन जोड्या किती वेळ बघत बसले मी! पोशन म्हणजे प्यायचं काहीतरी, औषधाचा घोट, आणि तोच शब्द दुसऱ्या वाटेनं आला तो विष होऊन. ट्रॅडिशन म्हणजे हाती सोपवणं, बापानं मुलाकडे सोपवलं ती परंपरा, आणि किल्ला शत्रूच्या हाती सोपवला तो ट्रीझन, देशद्रोह. क्रिया एकच, फक्त कुणाच्या हाती दिलं यावर सगळं.

सिक्युअरमध्ये 'से' म्हणजे विना आणि 'कूरा' म्हणजे काळजी, म्हणजे शब्दशः निश्चिंत. सुरक्षित आणि निश्चिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माणूस निश्चिंत असूनही धोक्यात असू शकतो, आणि जुन्या इंग्रजी लिखाणात सिक्युअर 'गाफील' अशा अर्थानंही येतो तो त्यामुळेच.

सगळ्याच जोड्यांना मराठी जोडी नाही. ठेवल्या तशाच.

४ जुलै

दिसायला सारखे, पण घर वेगळं. हे प्रकरण टाळता येत नाही, कारण मूळ ओळखायची सवय लागली की लोक सगळीकडेच ओळखायला लागतात.

टेरिटरीतला टेर म्हणजे जमीन, टेररमधला टेर म्हणजे घाबरवणं, दोघांचा संबंध नाही. पेडलमधला पेड पायाचा, लॅटिन, आपल्या पद या शब्दाचा भाऊ. पीडियाट्रिक्समधला पेड मुलाचा, ग्रीक. लायब्ररी पुस्तकाच्या लिबेरपासून आणि लिबर्टी मोकळ्या माणसाच्या लिबेरपासून. वाहून नेण्याचा पोर्ट वेगळा आणि बंदराचा पोर्ट वेगळा, बंदराच्या पोर्टपासूनच ऑपॉर्च्युनिटी, वारा बंदराकडे नेणारा आहे, आत्ताच शीड उभारा.

सगळ्यात धोकादायक 'इन'. एक इन म्हणजे आत, दुसरा इन म्हणजे नकार. नकाराचा इन आपल्या अ-अन् चा सख्खा भाऊ, इन्व्हिजिबल म्हणजे अदृश्य. पण इन्फ्लेमेबलमधला इन नकाराचा नाही, ज्वाळा आत शिरण्याचा आहे, म्हणजे पेट घेणारं! ज्वालाग्राही. लोक 'न पेटणारं' समजायला लागले तर जीव जातील म्हणून विसाव्या शतकात धोक्याच्या पाट्यांवर नुसतं फ्लेमेबल लिहायचा आग्रह धरला गेला, आणि आज दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे. हे कार्ड लाल रंगात आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात.

११ जुलै

अर्थ सरकलेले शब्द. इथे जरा थांबून विचार केला कारण वहीचा प्रामाणिकपणा इथेच ठरणार.

नाइस. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे, सायन्समधलं तेच जाणणं. म्हणजे नाइस मुळात अडाणी. इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख, मग चोखंदळ, मग नाजूक, आणि अठराव्या शतकापर्यंत छान. कुणी नाइस म्हटलं तर मुळाकडे बोट दाखवून रागावायचं का? अर्थात नाही.

इग्रीजियस. एक्स म्हणजे बाहेर, ग्रेग म्हणजे कळप, कळपातून उठून दिसणारा. आधी चांगल्या अर्थानं उठून दिसणारा, आता फक्त वाईट, इग्रीजियस चूक म्हणजे घोडचूक. आपल्याकडे साहस उलट दिशेनं गेला, जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, आणि आज साहसासाठी पुरस्कार देतात.

डेसिमेट म्हणजे दहावा काढणं. रोमन सैन्यात बंड किंवा पळपुटेपणा केलेल्या तुकडीत चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक मारायचे. आज डेसिमेट म्हणजे मोठा विध्वंस, दहाचा हिशोब कुणी करत नाही, आणि 'खरा अर्थ दहा टक्केच' म्हणून वाद घालणारे असतात त्यांच्याशी मी सहमत नाही. शब्दाचा अर्थ लोक वापरतात तो. मूळ सांगतं तो कुठून निघाला, कुठे पोचला ते वाक्यच सांगतं.

प्रिव्हेंट म्हणजे आधी येणं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो आधी जाणं, पुढे जाऊन गाठणं अशा अर्थानंच आहे. पुढे आपल्या 'आडवं येणं'सारखा झाला.

कँडिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला, रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूनं पांढरा केलेला टोगा घालून फिरायचा. मूळ 'कांदेरे', चमकणे, पांढरं असणे, कँडल त्यातूनच, आणि याच घराण्यातला आपला चंद्र. उमेदवार आणि चंद्र एका गोत्राचे! पांढरे कपडे तर आपले उमेदवारही घालतात, पण तो निव्वळ योगायोग.

दोन गोष्टी वहीत घेणार नाही. सिन्सिअर म्हणजे 'मेणाशिवाय', शिल्पकार तडे मेणानं बुजवायचे वगैरे, ही नंतर रचलेली कथा आहे. आणि सॅलरीत मीठ आहे हे खरं, 'साल' म्हणजे मीठ, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच वाटायचे याला भक्कम जुना पुरावा नाही. कथा जितकी गोड तितकी जास्त तपासायची.

१८ जुलै

मुकी अक्षरं. डेटमध्ये बी कशाला? फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हता, बोलताना कधीच नव्हता, पण विद्वानांना आठवलं की लॅटिन 'डेबितुम', आणि त्यांनी बी घुसवला. डाउटचंही तसंच. रिसीटमध्ये पी घातला पण डिसीटमध्ये घालायचा राहिला, खरं तर दोघं एकाच 'कापेरे' म्हणजे पकडणे या धातूचे. आयलंडमधला एस तर चुकूनच आला, तो शब्द लॅटिन नाहीच, अस्सल जुना इंग्रजी आहे, आइल आणि 'इन्सुला' डोळ्यांसमोर ठेवून त्यात एस टाकला. सिझर्समध्येही चुकीचं मूळ गृहीत धरून सी आलाय.

मुलं विचारतात की इंग्रजी स्पेलिंग असं विचित्र का, तर निदान या शब्दांपुरतं उत्तर आहे.

२५ जुलै

व्याकरणाचे प्रत्यय. अजेंडा म्हणजे 'करायच्या गोष्टी', मेमोरँडम म्हणजे 'लक्षात ठेवायची गोष्ट'. संस्कृतच्या करणीय, स्मरणीय यांच्या अगदी जवळ, तिकडे -अनीय आणि इकडे -एंड किंवा -अँड. प्रोपगंडाही यातलाच, १६२२ मध्ये कॅथलिक चर्चनं धर्मप्रसारासाठी मंडळ काढलं त्याच्या नावातून.

आणि बस. 'ओम्निबुस' म्हणजे सर्वांसाठी. १८२९ मध्ये लंडनात जॉर्ज शिलिबीअरनं घोड्यांची ओम्निबस सुरू केली, कुणीही भाडं देऊन बसावं अशी. लोकांनी नाव तोडलं आणि शेपूट ठेवलं. बस ही नुसती विभक्ती आहे, चतुर्थीचं अनेकवचन! संस्कृतमध्ये सर्वेभ्यः, त्यातला भ्यः आणि लॅटिनचा बुस एकाच मुळाचे. म्हणजे आपण रोज एका प्रत्ययात चढतो. हे कार्ड पहिल्या पानावर.

१ ऑगस्ट

भाचीला न बघितलेले शब्द वाक्यात घालून दिले. इन्ट्रॅक्टेबल प्रॉब्लेम, तिनं इन नकाराचा, ट्रॅक्ट ओढणं, 'ओढून जागचा हलत नाही असा' म्हणाली आणि ते बरोबरच. इन्कॉन्स्पिक्युअस जरा वेळानं जमला, स्पिक दिसल्यावर. ऑब्व्हिएट चुकला, तिला 'ऑब्व्हिअस करणं' वाटलं. दोन्ही शब्द 'वाटेत' या कल्पनेतूनच येतात, व्हिया म्हणजे वाट, पण ऑब्व्हिअस म्हणजे वाटेतच दिसणारं, उघड, आणि ऑब्व्हिएट म्हणजे वाटेत गाठून अडचण आधीच दूर करणं. ती म्हणाली, "मावशी, वाक्य आधी वाचलं असतं तर कळलं असतं, मी शब्दच फोडत बसले."

तिचं बरोबर आहे. कार्डाचा क्रम बदलला. आता सगळ्यात वर वाक्य, त्याखाली अंदाजासाठी एक रिकामी ओळ, आणि शब्दाची फोड मागच्या बाजूला. स्पेक्ट, पोर्ट आणि फॅकची कार्डं नव्या क्रमानं लावून झाली. इन्फ्लेमेबल तेवढं अपवाद, त्याचा अर्थ पुढच्याच बाजूला राहील, तिथे कुणी अंदाज बांधायला नको. पुढचं कुटुंब टेन, 'तेनेरे' म्हणजे धरणे: मेंटेन, कंटेन, टेनंट, लेफ्टनंट.